खिडकीच्या कोपऱ्यातलं पीस

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आज मिरकरवाड्यात जाऊन रामाशेठना प्रोग्रॅम दाखवला. जेटीजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना आहे. कुठल्या होडीने किती लाद्या उचलल्या ते टाकायचं, टोकन छापून मिळतं. मे महिन्यात मुंबईची नोकरी गेली, तेव्हापासूनचं हे माझं पहिलं स्वतःचं काम. सगळं नीट चाललं. टोकनही छापलं गेलं. पण शेठचं लक्ष भलतीकडेच.

विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक पीस दिसतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत विंडो बनवली की ते आपोआप येतं, कुणी मुद्दाम टाकत नाही. शेठनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय रे शिवा? कुणाची कोंबडी सोलून आलास?"

ऑफिसात होते नव्हते तेवढे सगळे हसले. लाद्या ओढणारा धाकू म्हातारा दारात लोखंडी आकडा टेकून उभा होता, तोही बोळकं उघडून हसला. शेठ म्हणाले, "आमच्या कारखान्याचं काय तरी चित्र टाक तिथे. माझ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याचं पीस नको."

येताना मारुती मंदिरापाशी रिक्षावाल्याने कट मारला. मी त्याला बाहेर ओढून कॉलर धरली. दोन ठेवून दिल्या. लोकांनी सोडवलं.

घरी निशिगंधाला कोंबडीचं सांगितलं तर तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं. मी ताट भिरकावलं. भिंतीला आमटीचा डाग पडला. तिने फडकं आणून लगेच पुसला, एक शब्द बोलली नाही. म्हणजे चूक तिला कळली.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून आयकॉनच्या मागे. नेटवरून होडीचं चित्र घेतलं. आयकॉनच्या फाईलला .ico लागतं, म्हणून चित्राचं नाव बदलून .ico केलं. चालवलं की एरर. बिटमॅप सापडत नाही म्हणतो. फाईल डोळ्यांसमोर आहे आणि हा म्हणतो सापडत नाही! पंधरा वेळा केलं. सोळाव्या वेळी लॅपटॉपला जोडलेला कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटला. बटणं हॉलभर उडाली. माझ्याच बोटाला कापलं.

शमिका खाली बसून चित्र रंगवत होती. आठ वर्षांची पोर. कीबोर्ड आपटल्यावर कॉटखाली जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना. शेवटी मी पाय धरून ओढली. हल्ली ती खूप शहाणी झाली आहे. मी घरात आलो की अजिबात आवाज करत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रश्न सुटला. आयकॉन आला.

झालं असं. निशिगंधा चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, नुसतं नाव बदलून तो आयकॉन होत नाही. आतला फॉरमॅट बदलायला लागतो. कन्व्हर्ट करा, आणि सोळा, बत्तीस, अठ्ठेचाळीस असे सगळे साइज एकाच फाईलमध्ये ठेवा."

लग्नाआधी ती लांज्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. लग्नानंतर मीच सोडायला लावलं. तिने सांगितलं तसं केलं. पीस गेलं, होडी आली.

ती म्हणाली, "बघा, इतकंच होतं."

हे "इतकंच" तिने म्हणायला नको होतं. मी दोन दिवस झगडत होतो. माझा हात उठला. कानाखाली बसली. कुडी कानाच्या पाळीत रुतली आणि थोडं रक्त आलं. चहाही सांडला, तिच्याच पायावर. नंतर मी स्वतः हळद आणून दिली. मुद्दाम मारलं असतं तर हळद कशाला आणली असती?

खालच्या टास्कबारवर मात्र अजून पायथनचाच आयकॉन दिसतोय. ते बघायचं आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टास्कबारचं जमलं. विंडोजला प्रोग्रॅमची स्वतःची वेगळी ओळख सांगावी लागते, एक ओळ वाढवायची. ही ओळ माझी मीच शोधली.

दुपारी गावाहून आईचा फोन. आई हेदवीजवळ एकटी राहते. उगाच कधी फोन करत नाही.

"शिवा, सुनंला मारलंस?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी सांगू दे. तुज्या बापासानं माजा कान फोडलान, तवा तू पाळण्यात होतास. अजून त्या कानान आयकू येत नाय. तू तसा होव नको रे बाळा."

आई म्हातारी झाली आहे. जुनं उगाळत बसते. बाबांनी आम्हाला काय कमी केलं? मला शिकवलं त्यांनीच.

पण आईला सांगितलं कोणी, हा प्रश्न उरतोच. निशिगंधाला विचारलं. नाही म्हणाली. तिचे केस धरून परत विचारलं, तरी नाही म्हणाली. तेव्हा शमिका म्हणाली, "मी सांगितलं आजीला. आईच्या फोनवरून." म्हणजे निशिगंधानेच पोरीला पढवलं. निशिगंधाचा फोन आता मी माझ्याकडे ठेवला आहे. तिलाही बरं. डोक्याला ताप कमी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शेठना नेटवरची होडी पसंत नाही. "ही गोव्याची वाटते. आमची होडी अशी नसते." म्हणून नवीन काढायची होती. एवढ्याशा चौकोनात होडी ओळखू यायची म्हणजे कठीण. रेषा जास्त झाल्या की नुसता डाग दिसतो.

निशिगंधाने शमिकाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत सोळा गुणिले सोळा घरं आखून घेतली आणि पेन्सिलीने घरं भरत गेली. पुढे वर आलेली होडीची नाळ, मागे केबिन, खाली पांढरी बर्फाची लादी. शमिका घरं मोजून देत होती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. एकदा तर शमिका खुदकन हसली. मी खोलीत गेलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. मला वाईट वाटलं. माझ्याच घरात मी परका असल्यासारखं.

मी ते कॉम्प्युटरवर उतरवून शेठना पाठवलं. "आता बरोबर. कोणी काढलं?" असं विचारलं त्यांनी. मी काढलं असं लिहिलं. प्रोग्रॅम माझा तर चित्रही माझंच झालं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तिकडच्या कॉम्प्युटरवर नेताना आयकॉनची फाईल प्रोग्रॅमच्या आत बांधून न्या. नाहीतर ती तिकडे सापडणार नाही. एक्झी फाईलला चिकटवलेला आयकॉन वेगळा, आणि विंडोला लागतो तो वेगळा."

मी म्हटलं, "तू शेठकडे जाणार आहेस का मी?"

तिने शमिकाच्या ताटात भात वाढला.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

सगळं जसं झालं तसं लिहितो.

शेठनी आजचा मुहूर्त धरला होता. ऑफिसात कॉम्प्युटरला हार घातला होता. जेटीवरच्या होड्यांचे सात-आठ तांडेल, शेठचे दोन मुलगे, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी पेनड्राईव्ह लावला आणि प्रोग्रॅमवर दोनदा क्लिक केलं. विंडो उघडलीच नाही. त्या जागी एररची चौकट आली. बिटमॅप सापडत नाही. परत केलं, परत तेच. आयकॉनची फाईल माझ्या लॅपटॉपवर राहिली होती, आणि तेवढ्यासाठी अख्खा प्रोग्रॅम उघडत नव्हता.

शेठ म्हणाले, "कोंबडी बरी होती रे. निदान उघडत तरी होती."

परत तोच हशा. धाकू म्हणाला, "शेठ, ह्यान पीस उपटलान नि कोंबडीच मारलान."

मी धाकूला ढकललं. एवढंच केलं. त्याच्या मागे लाद्या सरकवायचा ओला उतार होता, त्यात माझा दोष नाही. म्हातारा पाठीवर पडून खाली घसरत गेला आणि त्याचं डोकं लोखंडी चौकटीवर आपटलं. बर्फावर रक्त लांबून फार दिसतं, तसं ते जास्त नसतं. शेठच्या मुलांनी मला धरलं. एकाने पोटात गुडघा घातला, दुसऱ्याने तोंड बर्फाच्या भुश्यात दाबलं. श्वास बंद झाला होता माझा. तांडेलांनी सोडवलं. शेठ म्हणाले, "चालू करून आण नि वॉचमनकडे दे. आत पाय ठेवू नको."

घरी आलो तेव्हा चार वाजले असतील. निशिगंधाने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आतल्या खोलीत जायला वळली. बघून ही वळते! काय झालं म्हणून विचारत नाही! मी मागे गेलो. ती आतून दार लावून घेत होती, मी ते ओढलं आणि जोरात लावलं. तिचा उजवा हात मध्ये होता. तिने तो वेळेवर काढायला हवा होता. मनगटाचा आवाज आला. मी दार परत उघडलं आणि परत लावलं. दुसऱ्यांदा का लावलं ते मला सांगता येत नाही. दारच नीट बसत नव्हतं.

ती किंचाळली नाही. शमिका किंचाळली.

मी लॅपटॉप आणून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, आधी हे सांग, मग दवाखान्यात जाऊ. तिने डाव्या हाताने टाइप केलं. चार ओळी. प्रत्येक अक्षर शोधायला तिला वेळ लागत होता. घाम गळत होता. प्रोग्रॅम बांधून झाला. दुसऱ्या फोल्डरमधून चालवून बघितला. उघडला. कोपऱ्यात होडी.

मग रिक्षा आणली.

१९ ऑक्टोबर, रविवार

मनगटाची दोन्ही हाडं मोडली आहेत. प्लास्टर घातलं. कसं झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, पायरीवर घसरली. ते तिच्याकडे बघत राहिले. ती खाली बघत होती.

तेजस्वी नावाची नर्स होती. मला म्हणाली, "दादा, तुम्ही कालपासून बसून आहात. जा, चहा घेऊन या. मी आहे ताईंपाशी." चांगली बाई. माझी दमणूक कुणाला तरी दिसली. मी टपरीवर दोन चहा घेतले. परत आलो तर नर्स निशिगंधाच्या कानाशी वाकून बोलत होती आणि शमिका नर्सचा फोन हातात घेऊन उभी होती. गेम खेळत असेल.

घरी आल्यावर मी भात लावला. निशिगंधाला भरवायला गेलो तर म्हणाली, "डाव्या हाताने जेवते मी."

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पेनड्राईव्ह वॉचमनकडे काल दिला होता. आज शेठच्या मुलाने फोटो पाठवला. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर विंडो उघडली आहे आणि कोपऱ्यात आमची होडी. खाली लिहिलं होतं, "चालतंय. परत येऊ नको." धाकूला सहा टाके पडले असंही कळवलं. मी उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याने बोलायचं कारण नव्हतं.

काम झालं, हे खरं. मी निशिगंधाला फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "नाळ एक घर डावीकडे हवी होती."

बस्स. आनंद नाही, काही नाही. तरी मी हात उचलला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सागर आला. निशिगंधाचा धाकटा भाऊ. लांजा डेपोत कंडक्टर आहे. नेहमी सकाळी अकराच्या गाडीने येतो, आज आठलाच दारात. शमिकाला फुलबाज्या आणल्या होत्या. मी त्याला बस म्हटलं. लाडू दिला. माझ्याकडून काही कमी पडलं नाही.

निशिगंधाने पाट मांडला आणि निरांजनाचं ताट डाव्या हातात घेतलं. ओवाळताना ताट कललं, सुपारी घरंगळून खाली पडली. सागरने ताटाखाली आपला हात धरला.

"ताई, कसं झालं?"

मी म्हटलं, "पायरीवर घसरली."

मग शमिका म्हणाली, "दारात." थोडं थांबून म्हणाली, "दोन वेळा."

सागर पाटावरून उठला. मला वाटलं, नमस्काराला वाकेल. त्याने माझ्या गळ्यावर कोपर दाबून मला भिंतीला टेकवलं. दुसरी मूठ वर उचललेली. "भावोजी," तो म्हणाला, "तुमच्या पाया पडायचो मी." एवढंच म्हणाला. मूठ तशीच ठेवली आणि मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या बायकोसाठी दुसरा पुरुष रडतो, हे बघावं लागलं.

"ताई, पिशवी घे," तो म्हणाला.

पिशवी भरलेलीच होती. शमिकाच्या दप्तरात वह्यांच्या जागी फ्रॉक होते. कधी भरली असेल पिशवी? एका हाताने? सागरला आज लवकर यायला कुणी सांगितलं? तिचा फोन तर माझ्याकडे आहे.

निघताना निशिगंधा म्हणाली, "फोन ठेवा तुम्ही. मला नको."

२६ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस कुणी नाही. काल आरसा फोडला, कपाटाचं दार उखडलं. शेजारच्या बाई दार वाजवून गेल्या, उघडलं नाही. सागरला अठरा फोन केले. एकदाच उचलला. "आम्ही तक्रार दिली आहे. इकडे येऊ नका," म्हणाला.

नवऱ्याने बायकोला आणायला जायचं नाही, असं कुठे लिहिलं आहे?

उद्या जातो. शांतपणे बोलेन. पिशवीत दोन कपडे, शमिकाची खेळणी, ही वही आणि कोयती टाकली आहे. सागरच्या दारात माड आहेत. शहाळं काढायचं झालं तर लागेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

डावा डोळा उघडत नाही. तरी लिहितो.

काल साडेबाराला लांज्यात उतरलो. सागरचं घर स्टँडच्या मागे. अंगणात दिवाळीची रांगोळी होती, पुसट झालेली. शमिका पायरीवर बसली होती. मला बघितलं आणि आत पळाली. आपल्या बापाला बघून पळाली. मी हाक मारली तरी थांबली नाही.

सागर बाहेर आला. म्हणाला, "भावोजी, परत जा."

मी म्हटलं, "तिला पाठव. दोन शब्द बोलतो."

निशिगंधा स्वतःच आली. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "मी येणार नाही." मी म्हटलं, "झालं गेलं विसर. नवीन काम मिळेल. तू मदत कर, मी बोलणार नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तुम्हाला मदत केली की मला मार पडतो. नाही केली तरी पडतो. मी दोन्ही करून बघितलं."

पायरीवर उभी राहून, शेजाऱ्यांच्या देखत बोलली. मी पिशवीत हात घातला. नक्की काय काढायचं होतं ते मलाही आता आठवत नाही, पण हातात कोयती आली. सागर मध्ये आला. मध्ये तो आला, मी त्याच्याकडे गेलो नाही. त्याचा हात दंडापासून कोपरापर्यंत उघडला. रक्त रांगोळीवर उडालं, माझ्या शर्टावरही. तो खाली बसला आणि दंड दाबून धरला. ओरडला नाही. हे भाऊ-बहीण दोघेही ओरडत नाहीत.

मी परत हात उचलला होता. तो निशिगंधासाठी होता की नुसताच उचललेला होता, यावर मी रात्रभर विचार केला. तेवढ्यात तिने प्लास्टरचा हात फिरवून माझ्या कानशिलावर मारला. पूर्ण ताकदीने. मोडलेला हात! तिलाही दुखलं असणार. मी पडलो. पडल्यावर डोळ्यावर परत मारला. मग लोक आले. कुणाच्या हातात जळणाची फाटी होती, कुणाच्या चपला. एक बाई माझ्या हातावर उभी राहिली आणि कोयती काढून घेतली. मी कसाबसा उठून खांद्यावरच्या पिशवीसकट दगडी गडग्यावरून पलीकडे पडलो आणि पळालो. हायवेवर चिऱ्याचा ट्रक मिळाला, त्याने हातखंब्याला सोडलं.

पळताना मागे वळून बघितलं तेव्हा निशिगंधा सागरचा दंड साडीच्या पदराने बांधत होती. शमिका तिच्या पाठीशी उभी राहून गाठ धरत होती. माझ्याकडे दोघींपैकी कुणी बघत नव्हतं.

आत्ता नऊ वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला. बाई अधिकारी आहेत. आवाज शांत. सागर वाचला, पण दंडाची नस तुटली आहे म्हणाल्या. निशिगंधाचा जबाब झाला आहे, मुलीचाही. मला तासाभरात हजर व्हायला सांगितलं, नाहीतर गाडी पाठवतील. आपल्या बाजूने सांगण्यासारखं काही असेल तर घेऊन या, असंही म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणी माझी बाजू विचारली.

मी सकाळपासून ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. सगळं आहे. कोण हसलं, कोण काय बोललं, कुठल्या शब्दाने माझा हात उठला, सगळं तारखेवार. हळद आणून दिल्याचं आहे, भात लावल्याचं आहे. एक ओळ खोडलेली नाही, एक पान फाडलेलं नाही.

बाईंनी शेवटी विचारलं, वकील आणताय का. मी म्हटलं, गरज नाही, मी वही आणतोय.